कॉलेज कोणतं आणि विद्यापीठ कोणतं: इंदूरच्या सातवी-आठवीतल्या मुलांच्या घरांसाठी

आमच्या घरी पत्र्याच्या एका पेटीत तीन पदव्या जपून ठेवलेल्या आहेत. पहिली माझ्या आजोबांची, १९५५ सालची बी.एस्सी. आजोबा इंदूर सोडून कुठेही शिकायला गेले नाहीत. भंवरकुआंच्या होळकर कॉलेजात सायकलवरून जायचे. पण पदवीवर नाव आहे आग्रा विद्यापीठाचं. दुसरी काकांची, १९७४ ची. कॉलेज तेच, फाटक तेच, पण पदवीवर इंदौर विश्वविद्यालय. तिसरी माझी, १९९६ ची, शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजातली. तिच्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालय.

दिवाळीच्या साफसफाईत ही पेटी उघडली आणि आठवीतल्या माझ्या भाचीने विचारलं, "आत्या, पणजोबा आग्र्याला राहत होते का गं?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याच आठवड्यात शाळेत त्यांना "तुम्हाला पुढे कोणत्या विद्यापीठात शिकायचंय, माहिती काढून आणा" असं काम दिलं होतं. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कॉलेजांची नावं लिहून आणली, काहींनी कोचिंगचीसुद्धा. मुलांची यात काही चूक नाही. आपण मोठी माणसंच घरात कॉलेज आणि युनिव्हर्सिटी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पुण्याचा चुलतभाऊ "मी पुणे विद्यापीठात आहे" म्हणतो तेव्हा तो बसत असतो एखाद्या संलग्न कॉलेजच्या वर्गात. त्याचंही खोटं नसतं, पण ऐकणाऱ्या मुलाच्या डोक्यात चित्र वेगळंच तयार होतं.

तर आधी सरळ फरक. कॉलेज म्हणजे जिथे मूल रोज जाऊन बसतं, शिकतं, प्रयोग करतं, ग्रंथालयातून पुस्तकं आणतं ती जागा. विद्यापीठ म्हणजे पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार असलेली संस्था. १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याप्रमाणे पदवी कोणी द्यायची हे ठरलेलं आहे: संसदेच्या किंवा विधानसभेच्या कायद्याने झालेलं विद्यापीठ, अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. संलग्न कॉलेज कितीही जुनं आणि नावाजलेलं असो, पदवी स्वतःच्या नावाने देत नाही. ते ज्या विद्यापीठाला जोडलेलं असतं, ते विद्यापीठ ती देतं.

हे असं का झालं ते मुलांना सांगितलं की त्यांच्या पटकन लक्षात राहतं. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे जी पहिली विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. त्यामुळे दूरदूरची कॉलेजं एका विद्यापीठाखाली आली. होळकर कॉलेज १८९१ चं, आणि इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९६४ मध्ये. म्हणजे कॉलेज विद्यापीठापेक्षा ७३ वर्षांनी मोठं. मधल्या काळात इंदूरची मुलं बाहेरच्या विद्यापीठांच्या परीक्षा देत राहिली, आजोबांच्या वेळी आग्र्याच्या आणि १९५७ नंतर उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाच्या. १९८८ मध्ये इंदूर विद्यापीठाला अहिल्याबाईंचं नाव मिळालं. पेटीतल्या तीन पदव्यांचं कोडं एवढंच आहे. शिकणाऱ्यांचं शहर एकच राहिलं, शिक्का बदलत गेला.

इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक घोळ होतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मराठीत विद्यापीठ म्हणजे युनिव्हर्सिटी. पण हिंदीत युनिव्हर्सिटीला विश्वविद्यालय म्हणतात आणि विद्यापीठ हे नाव शाळासुद्धा लावतात. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारं आपलं मूल रस्त्यावर "विद्यापीठ" अशी पाटी वाचतं आणि त्याला ती युनिव्हर्सिटी वाटते. भाचीच्या वहीत अशी एक शाळा यादीत आलीच होती. त्यामुळे नुसतं नाव वाचून काही ठरवू नये, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं ते बरंच झालं.

आता आपल्याच शहरातून एक फेरी मारू. सगळ्यात जास्त समज मला यातूनच येताना दिसली.

होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला पदवी मिळते देवी अहिल्या विद्यापीठाची, म्हणजे इंदूरची. एमजीएम मेडिकल कॉलेज १९४८ पासून इंदूरच्या मध्यावर उभं आहे, पण तिथे एमबीबीएस करणाऱ्याच्या पदवीवर नाव येतं जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठाचं. १९५२ चं एसजीएसआयटीएस हे इंजिनीअरिंगचं जुनं नाव, ते जोडलेलं आहे भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठाला. आणि कृषी महाविद्यालयाचं विद्यापीठ थेट ग्वाल्हेरला. हे मी सांगितलं तेव्हा भाचीने नकाशाचं पान उघडलं आणि इंदूरपासून तीन रेघा ओढल्या. चार मुलं रोज सकाळी एकाच शहरात पोहे खाऊन घराबाहेर पडतात आणि त्यांच्या पदव्या चार शहरांतून येतात.

इंजिनीअरिंगचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. एसजीएसआयटीएस आणि खंडवा रोडवरचं आयईटी, दोन्ही इंदुरात. पण आयईटी ही देवी अहिल्या विद्यापीठाची स्वतःची संस्था आहे, विद्यापीठाच्याच तक्षशिला परिसरात. तिथला विद्यार्थी विद्यापीठात शिकतो आणि पदवीही त्याच विद्यापीठाची घेतो. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही "इंजिनीअरिंग कॉलेज"च.

इथेच यूटीडी हा शब्द समजून घ्यायला हवा. इंदुरात विद्यार्थी तो सर्रास वापरतात, पालकांना बहुधा माहीत नसतो. विद्यापीठाचे स्वतःचे जे शिकवणारे विभाग असतात ते यूटीडी, हिंदीत अध्ययनशाला. म्हणजे विद्यापीठ दोन कामं करतं: बाहेरच्या कॉलेजांच्या परीक्षा घेऊन पदव्या देणं, आणि आपल्या परिसरात स्वतः शिकवणं. पदवीवर विद्यापीठाचं नाव दोन्हीकडे सारखंच, पण रोजचं शिकणं वेगळं. यूटीडीत साधारणपणे जे सर शिकवतात तेच पेपर काढतात आणि तेच तपासतात. त्यामुळे अभ्यासक्रमात काही नवं आणायचं तर विभागात ठरवता येतं. संलग्न कॉलेजात मॅडम कितीही मन लावून शिकवोत, पेपर येणार विद्यापीठाकडून, निकाल लागणार विद्यापीठातून. मार्कशीटवर नाव चुकलं तर कॉलेजच्या खिडकीवर फक्त अर्ज घेतला जातो, दुरुस्ती विद्यापीठाच्या कार्यालयात.

या दोघांच्या मधोमध आहे स्वायत्त कॉलेज. होळकर सायन्स कॉलेज स्वायत्त आहे. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल कॉलेजचं स्वतःचं, पदवी मात्र विद्यापीठाचीच. मला व्यक्तिशः मुलांसाठी हा पर्याय आवडतो. जुन्या कॉलेजची शिस्त असते आणि विषय वेळेवर बदलायची मोकळीकही. अर्थात स्वायत्त असलेलं प्रत्येक कॉलेज ती मोकळीक वापरतंच असं नाही. अभ्यासक्रम उघडून शेवटचा कधी बदलला ते बघावं.

फरक न कळल्याने नुकसान होतं ते प्रवेशाच्या वेळी, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या कॉलनीतला एक मुलगा, हुशार, बारावीला उत्तम टक्के. घरच्यांना तो विद्यापीठाच्या विभागातच शिकायला हवा होता. राज्याच्या ई-प्रवेश पोर्टलवर कॉलेजांचे फॉर्म भरले जातात, तिथेच हेही होईल असं ते धरून चालले. पण २०२२ पासून देवी अहिल्या विद्यापीठाच्या अनेक विभागांत पदवीचे प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात, आणि त्या परीक्षेचा फॉर्म तर बारावीच्या निकालाच्या किती तरी आधी भरावा लागतो. ते कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. त्याची आई आमच्या ओट्यावर बसून एवढंच म्हणत होती, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." मी हे सगळं आज लिहायला बसले त्यामागे ती संध्याकाळ आहे.

जाहिरातींबद्दलही थोडं. नॅक ही संस्था कॉलेजं आणि विद्यापीठं तपासून दर्जा देते, आणि तो दर्जा ज्या संस्थेला मिळाला त्या संस्थेचाच. विद्यापीठाला मिळालेला दर्जा त्याला जोडलेल्या कॉलेजला आपोआप लागू होत नाही, कॉलेजला स्वतःचा घ्यावा लागतो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत विद्यापीठांची यादी वेगळी आणि कॉलेजांची वेगळी, त्यामुळे एका यादीतला विसावा आणि दुसऱ्या यादीतला विसावा यांची तुलना होत नाही. खासगी विद्यापीठं विधानसभेच्या कायद्याने होतात आणि पदवी स्वतःची देतात. आपल्या भागात ती झपाट्याने वाढली आहेत, आणि नावात युनिव्हर्सिटी आहे म्हणून भारावून जाण्याचंही कारण नाही, खासगी आहे म्हणून नाक मुरडण्याचंही नाही. यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी संकेतस्थळावर ठेवते, आणि बनावट विद्यापीठांचीही. आठवीतलं मूल पाच मिनिटांत नाव शोधू शकतं. त्याला शोधू द्या.

आयआयटी आणि आयआयएमची नावं तर मुलं तिसरीपासून ऐकतात. आयआयटी इंदूर २००९ ची, सिमरोलला. नावात ना कॉलेज ना विद्यापीठ, पण संसदेच्या कायद्याने स्वतः पदवी देते. आयआयएम इंदूर १९९६ ची, पण २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएममधून एमबीएची पदवी मिळत नसे, पदविका मिळायची. तिची किंमत मात्र कुठल्याही पदवीपेक्षा कमी नव्हती. शिक्क्यापेक्षा आत काय शिकवलं जातं याला वजन असतं, याचा यापेक्षा ठसठशीत दाखला मला माहीत नाही. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम तिथे २०११ पासून आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी.

बडोद्याला माझी मावशी असते. तिच्याकडे ही सगळी गणितं बदलतात. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८१ ला निघालेलं बडोदा कॉलेज १९४९ मध्ये विद्यापीठात विलीन झालं, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ जवळजवळ पूर्णपणे स्वतःच शिकवतं, आपल्यासारखी संलग्न कॉलेजांची लांबलचक यादी तिथे नाही. तिथली मुलं "आर्ट्स" किंवा "फाइन आर्ट्स" म्हणतात तेव्हा तो विद्यापीठाचाच भाग असतो. म्हणून दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांचा सल्ला घेताना त्यांच्या शहराची पद्धत आधी विचारावी.

मग सातवी-आठवीतल्या मुलाने करायचं काय? विद्यापीठ निवडायचं हे त्याचं वय नाही, असं मला मनापासून वाटतं. "कोणतं विद्यापीठ?" यापेक्षा "तुला काय करत बसायला आवडतं?" हा प्रश्न या वयात खरा. पण माहिती कशी काढायची हे शिकायला वय अगदी बरोबर आहे, कारण तीन-चार वर्षांत अकरावीला मॅथ्स घ्यायचं की बायो हा निर्णय दारात येतो आणि त्याने पुढची अर्धी दारं उघडतात किंवा मिटतात. मी भाचीला वहीत प्रत्येक नावापुढे चारच रकाने आखून दिले: बसायचं कुठे, पदवी कोणाची, प्रवेश कशातून, अकरावीला कोणते विषय लागतात. माहिती संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायची, जाहिरातीवरून नाही, आणि ज्या तारखेला पाहिली ती बाजूला लिहायची, कारण नियम दरवर्षी हलतात. शिवाय तिथे शिकणाऱ्या एका तरी ताई-दादाशी बोलायचं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईने तिला प्रयोगशाळेत एका मायक्रोस्कोपवर किती जण असतात ते सांगितलं. हे कुठल्याच संकेतस्थळावर मिळालं नसतं.

एका रविवारी आम्ही दोघी भंवरकुआंला गेलो. आधी होळकर कॉलेजच्या फाटकाशी थांबलो, मग खंडवा रोडने विद्यापीठाच्या परिसराकडे. दोन्हींमधलं अंतर इतकं कमी की तिला आश्चर्य वाटलं. फाटकावरच्या दोन्ही पाट्या तिने उतरवून घेतल्या, अक्षर न अक्षर.

तिला झाडं आवडतात. गच्चीत तिने पालापाचोळ्याचं खत करायला घेतलंय. म्हणून परतताना मी तिला सांगितलं की अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ नंतर इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवरच्या संस्थेत, खत करायची पद्धत बसवली आणि जगभर ती "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते. ती चालता चालता थांबली. घरी आल्यावर वहीत नवी ओळ आली: बसायचं, इंदूर. पदवी, ग्वाल्हेर. प्रवेशाचा रकाना अजून रिकामा आहे, आणि पुढच्या रविवारी आतली शेतं बघायला मिळतात का ते विचारायला आम्हाला तिकडे जायचंय.