अवजड ट्रक : अमेरिकी व युरोपीय घडणीतील अपघात-सुरक्षा

अमेरिकेतील अवजड ट्रक लांब नाकाचा असतो : पुढे बॉनेटखाली इंजिन, मागे चालक. युरोपातील ट्रक चपट्या तोंडाचा. तिथे चालक इंजिनाच्या वर बसतो. हा फरक सुरक्षेच्या विचारातून आलेला नाही, तो लांबीच्या कायद्यांतून आला. युरोपीय संघात ट्रॅक्टर (ओढणारा पुढचा ट्रक) आणि सेमीट्रेलर (त्याला जोडलेला मालाचा मागचा भाग) मिळून साधारणतः १६.५ मीटरची मर्यादा आहे. नाक वाढवले की मालाची जागा घटते. अमेरिकेतही एकेकाळी चपट्या तोंडाचे ट्रक भरपूर होते. १९८२च्या संघीय कायद्याने प्रमुख महामार्गांवर एकूण लांबीचे बंधन काढून ते ट्रेलरपुरते ठेवले आणि हे ट्रक मागे पडले.

‘पुढे नाक आहे, म्हणजे चालक सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा आहे. नाक चुरगळताना धडकेची काही ऊर्जा जिरते, पण मागून वीसेक टन माल रेटत असताना तेवढे पुरेलच असे नाही. कधी इंजिनच केबिनकडे ढकलले जाते. ट्रक उलटला, तर नाकाचा काहीच उपयोग नाही. तेव्हा केबिनचे छत आणि ते पेलणारे खांब किती टिकतात आणि चालकाने पट्टा बांधला होता का, यावर जीव अवलंबून असतो.

म्हणून खरा फरक आकारापेक्षा नियमांत शोधावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम २९ नुसार केबिनवर समोरून लोलक (झुलते जड वजन) आदळतात आणि छतावर भार देतात. त्यानंतरही आत माणूस मावेल एवढी जागा उरली पाहिजे. मोठ्या ट्रकसाठी समोरच्या धडकेची ऊर्जा आता ५५ किलोजूल आहे. स्वीडनची जुनी चाचणी अधिक कठोर : छतावर १५ टन भार, खांबावर एक टनाच्या लोलकाचा आघात. भारताचे वाहनांसाठीचे एआयएस-०२९ मानक नियम २९च्याच धर्तीवर आहे. अमेरिकेत मात्र केबिनच्या मजबुतीची अशी संघीय सक्ती नाही. अभियंत्यांच्या संघटनेच्या शिफारशी आहेत, त्या ऐच्छिक.

ट्रकशी टक्कर झाली की मरतो तो बहुधा मोटारीतला माणूस. मोटार ट्रकखाली शिरली, की तिचे बंपर आणि एअरबॅग आपले काम नीट करू शकत नाहीत. युरोपात २००३ पासून नव्या ट्रकना पुढे हे शिरणे रोखणारा आडवा दांडा सक्तीचा आहे, बाजूंनाही अडसर लागतात. अमेरिकेत संघीय सक्ती फक्त मागच्या दांड्याची. त्याला तिथे ‘मॅन्सफिल्ड बार’ म्हणतात, कारण अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड १९६७ मध्ये मोटार ट्रेलरच्या मागच्या भागाखाली घुसून मरण पावली. कडक निकष मात्र १९९८ मध्ये लागू झाले.

चपट्या तोंडाचा दोषही आहे : उंच बसलेल्या चालकाला काचेखालचा पादचारी किंवा सायकलस्वार दिसत नाही. म्हणून युरोपीय संघाने नंतर लांबीच्या नियमात सवलत दिली. २०२१ मध्ये डाफ या डच ट्रक कंपनीने १६० मिलिमीटर पुढे वाढवलेली, मोठ्या काचांची केबिन बाजारात आणली.