कुषाण नाणं हातात घेतल्यावर: राजा कोणता, देव कोणता?

नमस्कार. तुम्ही आमच्याकडून कुषाण काळातलं नाणं घेतलंत किंवा घ्यायच्या विचारात आहात, म्हणून हे माहितीपत्रक. पाकिटावर राजाचं आणि देवाचं नाव आम्ही लिहून देतोच. पण ते तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवून मान्य करू नये, नाण्यावरून स्वतः वाचावं, अशी आमची मनापासून इच्छा आहे. कनिष्क आणि हुविष्क यांच्या नाण्यांवर बहुतेक वेळा देवाच्या शेजारी त्याचं नाव कोरलेलं असतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, खिडकीजवळची जागा आणि थोडा निवांतपणा एवढं पुरतं.

आधी हे राजे कुठले ते सांगतो. अमू दर्या नदीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे आजचा उत्तर अफगाणिस्तान आणि उझबेकिस्तान-ताजिकिस्तानचा दक्षिण भाग, हा जुना बॅक्ट्रिया. अलेक्झांडरनंतर तिथे ग्रीक राजे होते आणि त्यांच्या चांदीच्या नाण्यांवरचे चेहरे आजही थक्क करतात. युथिडेमसच्या नाण्यांवर तो तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत दिसतो. उतारवयातले सुटलेले गालही ठसा कोरणाऱ्याने लपवलेले नाहीत. डेमेट्रियसच्या डोक्यावर हत्तीचं मस्तक शिरस्त्राणासारखं चढवलेलं आहे. अँटिमॅकस चपटी टोपी घालून किंचित हसतो. मागच्या बाजूला झ्यूस, हेरॅक्लिस, पोसायडन असे ग्रीक देव. अगाथोक्लिस नावाच्या राजाने तर वासुदेव-कृष्ण आणि संकर्षण-बलराम नाण्यावर आणले. १९७० साली अफगाणिस्तानातल्या आय खानूम इथे उत्खननात ही सहा चौकोनी चांदीची नाणी मिळाली. कृष्णाच्या हातात चक्र, बलरामाच्या हातात नांगर.

पुढे उत्तरेकडून भटक्या टोळ्या आल्या आणि ग्रीक सत्ता संपली. त्यातल्याच युएझी लोकांमधलं एक घराणं म्हणजे कुषाण. पहिला राजा कुजुल कडफिसेस. त्याच्या तांब्याच्या एका प्रकारावर चक्क रोमन सम्राट ऑगस्टससारखं डोकं आहे. तेव्हा नुसत्या चेहऱ्यावरून राजा ओळखायला गेलात तर इथे फसाल. त्याचा नातू विम कडफिसेस याने सोन्याचं नाणं नियमित पाडायला सुरुवात केली. विमाचा मुलगा कनिष्क.

कनिष्काच्या नाण्यावर राजा पूर्ण उभा असतो. अंगात लांब कोट, विजार, पायात जाड बूट, डावा हात भाल्यावर आणि उजवा हात एका छोट्या वेदीवर नैवेद्य सोडतो आहे. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा शिर नसलेला पुतळा आहे. तो पाहिला असेल तर हा कोट आणि हे बूट लगेच ओळखीचे वाटतील. उत्तरेच्या थंडीतला हा पोशाख मथुरेच्या उन्हाळ्यातही त्यांनी सोडला नाही. सोन्याच्या नाण्यांवर खांद्यातून ज्वाळाही निघताना दिसतात.

आता अक्षरं. कुषाणांची लिपी ग्रीक, पण भाषा बॅक्ट्रियन. इंग्रजी अक्षरं येत असतील तर अर्धं काम झालं, कारण बरीच अक्षरं त्यांच्यासारखीच दिसतात. दोन-तीन मात्र लक्षात ठेवा. इंग्रजी 'पी'सारखं दिसतं ते 'र'. त्याच 'पी'ची उभी काडी वर डोकावत असेल तर तो 'श'. हे अक्षर मूळ ग्रीकमध्ये नव्हतं, बॅक्ट्रियन भाषेसाठी वाढवलेलं आहे. त्रिकोण म्हणजे 'द'. एवढ्यावर तांब्याच्या नाण्यावरचं 'शाओ कनिष्की', म्हणजे 'राजा कनिष्क', वाचता येतं. सोन्यावर लांब बिरुद असतं: 'शाओनानोशाओ कनिष्की कोशानो', राजांचा राजा कनिष्क कुषाण.

इथली एक गोष्ट आम्हाला फार आवडते. कनिष्काची अगदी सुरुवातीची नाणी पूर्ण ग्रीक भाषेत आहेत. मागच्या बाजूला सूर्यदेव हेलिओस, चंद्रदेव सेलेनी, अग्नीचा हेफाइस्टोस. थोड्याच काळात भाषा बदलली. चित्रं जवळपास तशीच राहिली आणि नावं झाली मीरो, माओ, अथ्शो. अफगाणिस्तानात रबातक इथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखात कनिष्काने ग्रीकऐवजी 'आर्य' भाषा आणल्याचा उल्लेख आहे. म्हणजे दगडावर लिहिलेला निर्णय आपण नाण्यावर डोळ्यांनी पाहू शकतो! त्याच लेखात देवांची यादी आहे आणि त्यात नना या देवीचा मान मोठा आहे. नाण्यावरही नना ठळक भेटते. मुकुटावर चंद्रकोर आणि हातात सिंहाच्या तोंडाचा दंड असेल तर ती नना. इंग्रजी अक्षरं वाचणाऱ्याला हे नाव सर्वांत सोपं जातं.

मीरो आणि माओ सहज एकमेकांसारखे वाटतात. दोघेही उभे, दोघांचाही हात पुढे. मीरोच्या डोक्यामागे किरणांचं वलय असतं, माओच्या खांद्यांमागून चंद्रकोरीची दोन टोकं वर आलेली असतात. नाणं झिजलेलं असेल तर नाव शोधण्याआधी ही टोकं शोधा. अथ्शोच्या खांद्यांतून ज्वाळा निघतात, अर्दोक्शोच्या हातात धान्याफळांनी भरलेलं शिंग असतं. पुढे हीच देवी सिंहासनावर बसली आणि गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर हळूहळू लक्ष्मी झाली.

एक ग्राहक दुसरीकडून घेतलेलं तांब्याचं नाणं घेऊन आले होते. पाकिटावर 'नाचणारा शिव' असं लिहिलेलं. भिंगाखाली धरलं तेव्हा देव नाचत नव्हता, धावत होता. केस मागे उडालेले, दोन्ही हातांनी धरलेलं वस्त्र शिडासारखं फुगलेलं. कडेला चार अक्षरं होती: गोल, 'ए', त्रिकोण, गोल. 'ओआदो', म्हणजे वारा. नाव वाचून झाल्यावर त्यांनी ते नाणं बराच वेळ हातातून सोडलं नाही.

शिवासारखा देव असतो त्याचं नाव 'ओएशो'. विमाच्या नाण्यांवर त्याच्या हातात त्रिशूळ आणि मागे बैल. कनिष्काच्या नाण्यांवर बहुधा चार हात. हा शिवच की इराणी वायुदेवता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून आम्ही पाकिटावर 'ओएशो' असंच लिहितो, 'शिव' लिहीत नाही. बुद्धाची नाणीही कनिष्काचीच. सोन्यावर 'बोद्दो' असं नाव आणि अभय देणारा हात. ती अतिशय दुर्मीळ आहेत. कोणी स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका.

राजा हत्तीवर किंवा पलंगावर रेललेला दिसला तर तो हुविष्क, कनिष्कानंतरचा. त्याच्या सोन्याच्या नाण्यांवर देवांची नुसती जत्रा आहे: स्कंद-कुमार, विशाख, महासेन आपले, सरापो इजिप्तचा, हेराक्लो ग्रीकांचा. हुविष्कानंतरचा कुषाण राजा वासुदेव याच्या काळात ही गर्दी ओसरली आणि मुख्यतः ओएशो उरला.

खरंखोटं पाहताना आधी वजन. सोन्याचा दिनार सुमारे ८ ग्रॅम, कनिष्काचं तांब्याचं मोठं नाणं १६-१७ ग्रॅमच्या आसपास, त्याच्या निम्मं आणि पावही असतं. झिजेने थोडं कमी भरतं, पण फार तफावत असेल तर थांबा. मग कड पाहा. कडेला सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर नाणं ओतीव असण्याचा संशय घ्या. ही नाणी ठशाने ठोकून पाडलेली असतात.

महाराष्ट्राशी संबंध आहे का, असं बरेचजण विचारतात. आहे. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापण (हे त्या काळचं नाणं) म्हणजे २,००० सुवर्ण, असा हिशोब दिलेला आहे. हे 'सुवर्ण' म्हणजे कुषाणांचं सोन्याचं नाणं असावं, असं काही अभ्यासक मानतात. उषवदाताचा सासरा नहपान हा शक क्षत्रप, म्हणजे शकांचा प्रांताधिपती. त्याच्या चांदीच्या नाण्यावरचा चेहरा ग्रीक परंपरेतूनच आलेला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला त्याची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. काही नाण्यांवर सातकर्णीच्या चिन्हाखालून नहपानाचं नाक आणि हनुवटी अजून डोकावते.

आता जपणुकीचं. चिंच, लिंबू, मीठ, भांडी घासायची पावडर यातलं काहीही नाण्याला लावू नका. तांब्यावर शतकांनी चढलेला हिरवा-तपकिरी थर एकदा गेला की परत येत नाही आणि त्याबरोबर अक्षरंही जातात. भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके दिसू लागले तर मात्र ते नाणं लगेच वेगळं ठेवा आणि आमच्याकडे आणा. तो गंज आतून खात जातो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका. हात लावायचाच तर कडेला धरा, खाली मऊ कापड असू द्या.

आणि कायदा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. ती देशाबाहेर पाठवता किंवा नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलाला किंवा भावाला भेट म्हणूनसुद्धा नाही. शेतात वा घराच्या पायात नाणी सापडली तर ती विकायला आमच्याकडे आणू नका, जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक नाण्याची पावती नाण्यासोबतच जपून ठेवा.

नाव लागत नसेल, कुठलं अक्षर अडत असेल तर नाणं घेऊन दुकानात या, आपण भिंगाखाली मिळून वाचू. नाणं दुसरीकडून घेतलेलं असलं तरी चालेल. फक्त येताना ते पुसून आणू नका.