थंडीत रक्तातला मेद जातो कुठे? तपकिरी चरबीच्या संशोधनाची पार्श्वभूमी

झुरिचचे निसर्गअभ्यासक कॉन्राड गेस्नर यांनी १५५१ साली आल्प्समधल्या मार्मॉट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एक वेगळाच ऊतक (पेशींचा थर) नोंदवला. आज त्याला तपकिरी चरबी म्हणतात. धड चरबी नाही, धड मांसही नाही, असं त्यांचं वर्णन होतं. मार्मॉट हिवाळाभर बिळात झोपून काढतो, म्हणून पुढे कित्येक पिढ्या अभ्यासक या ऊतकाला शीतनिद्रेची ग्रंथीच समजत राहिले.

खरा उलगडा १९६०च्या दशकात झाला. थंडीत ठेवलेल्या उंदरांमध्ये हा ऊतक उष्णता निर्माण करतो, असं रॉबर्ट स्मिथ यांनी मांडलं, आणि ऑक्सफर्डच्या डॉकिन्स व हल यांनी सशाच्या नवजात पिल्लांत तेच दाखवलं. नवजात बाळ थंडीने फारसं कुडकुडत नाही, तरी स्वतःला ऊब देऊ शकतं, ते याच्या बळावर. १९७८मध्ये फॉस्टर आणि फ्रायडमन यांनी गारठ्यात राहायला सरावलेल्या उंदरांतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा न कुडकुडता तयार होणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा तपकिरी चरबीचाच निघाला. डेव्हिड निकल्स यांच्या गटाने त्याच सुमारास तिच्या मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतलं) ते खास प्रथिन ओळखलं, ज्याला आज यूसीपी-१ म्हणतात. एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू बनवण्यासाठी साठवलेला प्रोटॉनांचा दाब हे प्रथिन मध्येच मोकळा करतं आणि ती ऊर्जा थेट उष्णता होऊन बाहेर पडते.

उष्णता कशी तयार होते ते कळलं, पण इंधन कुठून येतं याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. रूढ चित्र सोपं होतं: थंडी जाणवली की मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन सुटतं, तपकिरी पेशीतले मेदाचे थेंब फुटतात आणि त्यातली मेदाम्लं जळतात. पण पेशीतला साठा मोजकाच असतो. गारठा लांबला तर बाहेरून मेद आणावाच लागणार.

तो किती आणला जातो, हे २०११मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने दाखवलं. ४ अंश सेल्सियसला एक दिवस ठेवलेल्या उंदरांची तपकिरी चरबी रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातून वाहणारा मेद, झपाट्याने ओढून घेत होती. ज्या उंदरांच्या रक्तात जन्मजात मेद फार होता, त्यांचीही पातळी थोडा वेळ थंडीत ठेवल्यावर खाली आली. हे काम केशवाहिन्यांच्या भिंतीवर चालतं. तिथलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मेदवाहू कणांतली ट्रायग्लिसराइड्स फोडतं आणि सुटलेली मेदाम्लं सीडी-३६ हे प्रथिन पेशीत घेतं. या लायपेजला रोखणारं अँजिओपोएटिन-सदृश-४ हे प्रथिन थंडीत पांढऱ्या चरबीत (मेद साठवणाऱ्या नेहमीच्या चरबीत) वाढतं आणि तपकिरी चरबीत घटतं, हे नंतर स्पष्ट झालं. त्यामुळे रक्तातला मेद साठवणीकडे न जाता जळायला जातो.

जुन्या चित्राला सर्वात मोठा धक्का २०१७मध्ये बसला. दोन स्वतंत्र गटांनी फक्त तपकिरी पेशींतली मेद फोडण्याची यंत्रणा बंद केली, तरी उंदीर थंडीत तगले. पांढऱ्या चरबीतलीही बंद केल्यावर मात्र उपाशी उंदीर गारठले. खायला दिलं की सावरले. त्याच वर्षी युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी या साखळीत यकृतही जोडलं: पांढऱ्या चरबीतून निघालेल्या मेदाम्लांपासून यकृत ॲसिलकार्निटाइन्स ही मेदाम्लं जोडलेली संयुगं बनवतं आणि तपकिरी चरबी तीही वापरते. म्हणजे गारठ्यात सबंध शरीराची मेदवाहतूकच वळण बदलते.

माणसाच्या बाबतीत वळणाचं वर्ष २००९. प्रौढांमध्येही मानेपाशी आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर ही चरबी सक्रिय असते, हे पेट स्कॅनच्या (शरीरात साखर कुठे जास्त वापरली जाते ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) आधारे तीन गटांनी एकाच वेळी प्रसिद्ध केलं. ‘गार पाण्याने अंघोळ करा, वजन उतरेल’ हा प्रचार तेव्हापासून जोरात आहे. पण प्रौढांत ही चरबी थोडीच असते, म्हणून वजनापेक्षा रक्तातल्या मेदावर तिचा काय परिणाम होतो हे तपासणं मला जास्त मोलाचं वाटतं. आपल्या दृष्टीने तर विशेषच. २०१४मध्ये लायडनच्या संशोधकांना दक्षिण आशियाई वंशाच्या सडपातळ तरुणांत ही चरबी गोऱ्या तरुणांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी आढळली. मात्र दोन्ही गटांत प्रत्येकी १२च जण होते, आणि नेदरलँड्समधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात तिच्या सक्रियतेत असा फरक दिसला नव्हता.