कंटेनरमधील ग्राफिकल अ‍ॅपचे दोषनिवारण

लिनक्सवर कंटेनरमध्ये (बाकी यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त जागेत) बसवलेले डेस्कटॉप अ‍ॅप पडद्यावर उघडतच नाही, उघडून लगेच बंद पडते किंवा अर्धवट चालते, तेव्हा त्याचे कारण शोधण्याची पद्धत. असा बिघाड बहुतेक वेळा अ‍ॅपमध्ये नसतोच. अ‍ॅप आत असते आणि पडदा, कीबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, आवाज हे सगळे बाहेर. या दोहोंमधली एखादी वाट बंद राहिलेली असते. अशा वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येकीच्या बंद असण्याची खूण वेगळी आहे. ती खूण ओळखायची आणि तेवढीच वाट उघडायची. सगळ्या भिंती पाडूनही अ‍ॅप चालते, पण मग कंटेनर वापरायचा कशाला?

पार्श्वभूमी : एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ मध्ये आली. अ‍ॅप एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असू शकतो हे गृहीत धरूनच तिची रचना झाली. म्हणून तिच्यात अ‍ॅपला क्लायंट म्हणतात आणि पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामला सर्व्हर. कंटेनरला ही रचना सोयीचीच आहे, कारण खिडकी काढण्यासाठी अ‍ॅपला फक्त एका सॉकेटपर्यंत (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात त्या जोडबिंदूपर्यंत) पोचायचे असते. मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आलेल्या डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा रोख मात्र सर्व्हरवरच्या सेवांवर होता. वेब सर्व्हरला ना पडदा लागतो ना स्पीकर. त्यामुळे डॉकर किंवा त्यासारखेच पॉडमॅन नुसते चालवले तर डेस्कटॉपकडे जाणारी एकही वाट उघडी नसते. फ्लॅटपॅक, टूलबॉक्स आणि डिस्ट्रोबॉक्स ही साधने यातल्या बऱ्याच वाटा स्वतःच जोडून देतात. तिथे तक्रारी कमी येतात, पण आल्या की शोधायच्या जागा याच.

पडद्याची वाट : सर्वांत जास्त दिसणारा एरर म्हणजे 'कॅनॉट ओपन डिस्प्ले'. एक्सचे सॉकेट होस्टवर (कंटेनरबाहेरच्या मूळ यंत्रणेवर) टीएमपी फोल्डरातल्या 'एक्स११-युनिक्स' या लपलेल्या फोल्डरात असते. ते फोल्डर कंटेनरमध्ये माउंट केलेले (आतून दिसेल असे जोडलेले) हवे आणि 'डिस्प्ले' या व्हेरिएबलची किंमत आतही बाहेरच्यासारखीच हवी. अ‍ॅप लहान-मोठे कसेही असो, आधी एक्सआइज हे पडद्यावर दोन डोळे दाखवणारे छोटे एक्स अ‍ॅप चालवून पाहावे. पडद्यावर डोळे उघडले म्हणजे ही वाट मोकळी आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे. डोळे उघडले नाहीत तर मूळ अ‍ॅपमध्ये शोधत बसण्यात अर्थ नाही.

इथून पुढे अंदाज बांधण्यापेक्षा 'एसट्रेस' (प्रोग्राम कर्नलकडे काय मागतो ते दाखवणारे साधन) लावून 'कनेक्ट' कॉलच्या ओळी वाचाव्यात. 'नो सच फाइल' असे उत्तर असेल तर सॉकेट आत आलेलेच नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे सॉकेटची फाइल दिसते, पण पलीकडे कोणी ऐकत नाही. 'परमिशन डिनाइड' म्हणजे सॉकेट जागेवर आहे, कोणीतरी मध्ये अडवते आहे. या तीन उत्तरांचे उपाय एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, आणि अ‍ॅप मात्र तिन्ही वेळा जवळपास तेच एक वाक्य छापते.

सॉकेटपर्यंत पोचल्यावर कुकीचा प्रश्न येतो. एक्स सर्व्हर ओळख पटवण्यासाठी १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या मागतो. तिच्या पद्धतीचे नाव 'एमआयटी-मॅजिक-कुकी-१' आणि ती ठेवायची फाइल म्हणजे 'एक्सऑथॉरिटी'. ही फाइल आत माउंट करूनही 'ऑथरायझेशन रिक्वायर्ड' असा संदेश येतो, तेव्हा अनेक जण हात टेकतात. कारण नोंदीच्या आत दडलेले असते. प्रत्येक कुकीसमोर यंत्राचे होस्टनेम लिहिलेले असते. डॉकर प्रत्येक कंटेनरला त्याच्या आयडीची पहिली बारा अक्षरे होस्टनेम म्हणून देतो. आतले अ‍ॅप स्वतःच्या होस्टनेमची नोंद शोधते, फाइलमध्ये नोंद आपल्या लॅपटॉपच्या नावाची असते, आणि कुकी हातात असूनही अ‍ॅप रिकाम्या हाताने दारात उभे राहते. उपाय नेमका आहे : एक्सऑथ या आज्ञेच्या 'एनलिस्ट'ने नोंद काढायची, तिच्या सुरुवातीचे '०१००' हे चार अंक बदलून तिथे एफ हे अक्षर चारदा लिहायचे आणि ती वेगळ्या फाइलमध्ये 'एनमर्ज' करायची. एफ-एफ-एफ-एफ म्हणजे 'कोणतेही होस्टनेम चालेल'. आत हीच नवी फाइल द्यायची.

'इनव्हॅलिड कुकी' अशा अर्थाचा संदेश आला तर गोष्ट वेगळी. तिथे कुकी सापडली आहे, पण शिळी आहे. ग्नोम डेस्कटॉपच्या वेलँड (एक्सच्या जागी आलेल्या नव्या पडदा-व्यवस्थेच्या) सत्रात जुन्या एक्स अ‍ॅपसाठी एक्सवेलँड चालते आणि त्याची कुकी-फाइल दर लॉगिनला नव्या नावाने तयार होते. 'काल चालत होते, आज लॅपटॉप चालू केला तर बंद' या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते. कंटेनर बनवताना कालच्या नावाची फाइल माउंट झालेली असते. सॉकेटचेही तसेच. एकटी सॉकेट-फाइल माउंट केली असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आत जुनीच फाइल राहते आणि उत्तर येते 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. म्हणून फाइलऐवजी तिचे फोल्डर माउंट करणे बरे.

एसएसएचवरून खिडकी आणताना आणखी एक पेच पडतो. तिथे डिस्प्लेची किंमत 'लोकलहोस्ट:१०' अशी असते, म्हणजे अ‍ॅपला लूपबॅकवरच्या (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीवरच्या) ६०१० या पोर्टवर जायचे असते. कंटेनरचे लूपबॅक स्वतःचे वेगळे असते, तिथे त्या पोर्टवर कोणीच नसते. अशा वेळी होस्टचे नेटवर्क देण्यावाचून सोपा मार्ग नाही.

'एक्सहोस्ट +' विषयी : इंटरनेटवर सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'एक्सहोस्ट +' ही आज्ञा. तिने एरर जातो, पण तो का आला होता हे कळत नाही आणि धोका मागे उरतो. एक्समध्ये अ‍ॅपांना एकमेकांपासून आडोसा नाही. जोडलेले कोणतेही अ‍ॅप दुसऱ्या खिडकीत टाइप होणारी प्रत्येक कळ वाचू शकते, पडद्याचे चित्र घेऊ शकते, एक्सटेस्टच्या मदतीने तुमच्या टर्मिनलमध्ये स्वतः कळा दाबू शकते. म्हणजे एक्सशी जोडलेला कंटेनर तसाही पूर्ण बंदिस्त राहत नाही; 'एक्सहोस्ट +' नंतर तर कुकी नसलेल्यालाही दार उघडे. परवानगी द्यायचीच असेल तर 'लोकलयूजर' पद्धतीने एका वापरकर्त्यापुरती द्यावी. अविश्वासू अ‍ॅप असेल तर त्याला झेफिरसारखा वेगळा आतला एक्स सर्व्हर किंवा थेट वेलँड द्यावे. कंटेनरची जवळपास सगळी बंधने काढणाऱ्या 'प्रिव्हिलेज्ड' पर्यायाबद्दलही हेच मत : तो तपासणीपुरता पाच मिनिटे लावून काढला तर निदानाला मदत होते, कायमचा ठेवला तर ते निदान नव्हे.

परवानगी आणि क्रमांक : 'परमिशन डिनाइड' दिसले की आधी यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) पाहावा. रूटलेस, म्हणजे रूटच्या अधिकारांशिवाय चालणाऱ्या, पॉडमॅनमध्ये आतला ० हा बाहेरचा तुम्ही, म्हणजे सहसा १०००. पण आतला १००० हा बाहेर तुम्ही नसताच. दुय्यम क्रमांकांची मालिका १००००० पासून सुरू होत असेल तर तो बाहेरून १००९९९ दिसतो. वेलँडचे सॉकेट 'रन/यूजर/१०००' या फोल्डरात असते आणि त्या फोल्डरात मालकाशिवाय कोणाला पाऊल टाकता येत नाही. साहजिकच १००९९९ ला ते बंद. पॉडमॅनचा 'कीप-आयडी' हा पर्याय आत-बाहेर क्रमांक एकच ठेवतो आणि एका फटक्यात पडदा, आवाज आणि डी-बस (प्रोग्राम एकमेकांना निरोप देतात ती वाट) तिन्ही सुधारतात. डी-बसचा उल्लेख मुद्दाम केला : त्याची ओळखपद्धत क्लायंटने सांगितलेला यूआयडी आणि कर्नलने कळवलेला यूआयडी जुळवते. आतून '०' सांगितले आणि बाहेर १००० दिसले की जोडणी नाकारली जाते.

क्रमांक जुळले, फाइलची परवानगीही ठीक, तरी नकार? फेडोरासारख्या वितरणावर मग एसईलिनक्सकडे (लेबलांवर चालणाऱ्या जादा सुरक्षा-नियमांकडे) वळावे. 'ऑसर्च'ने नाकारलेल्या विनंत्या पाहिल्या की कंटेनरच्या प्रकाराला सॉकेटशी जोडायला मनाई केल्याची ओळ सापडते. त्या एका कंटेनरपुरते लेबल बंद करता येते. टीएमपी किंवा होम फोल्डरावर माउंटचा 'झेड' पर्याय लावून लेबले बदलण्याचा मोह मात्र आवरावा, त्याने बाहेरचीच कामे बिघडतात.

उघडून बंद पडणे : ब्राउझर उघडतो, दोन-चार टॅब चालतात आणि जड पान आले की टॅब कोसळतो. ही खूण सामायिक मेमरीची. डॉकर 'शेअर्ड मेमरी' फोल्डराला मुळात ६४ एमबी एवढीच जागा देतो. 'एसएचएम-साइझ' वाढवली की प्रश्न मिटतो. खिडकी रिकामी किंवा काळी राहते आणि टर्मिनलवर 'बॅडअ‍ॅक्सेस' सोबत 'एसएचएम-अटॅच' दिसते, तेव्हा अडचण जागेची नसून आयपीसी नेमस्पेस (सामायिक मेमरीसारख्या देवाणघेवाणीचा कप्पा) वेगळे असल्याची असते. एक्स सर्व्हर आणि अ‍ॅप चित्र सामायिक मेमरीतून द्यायला जातात आणि ती मेमरी एकमेकांना दिसत नाही. क्यूटी या लायब्ररीवर बेतलेल्या अ‍ॅपमध्ये तेवढी सोय व्हेरिएबलने बंद करता येते, इतरांसाठी होस्टचे आयपीसी द्यावे लागते.

क्रोमियम आणि त्यावर बेतलेली अ‍ॅप स्वतःचे सँडबॉक्स बनवू पाहतात. डॉकरचे मूळ सेककॉम्प धोरण (कोणते सिस्टिम कॉल चालतील ते ठरवणारे) त्यासाठी लागणारे यूजर नेमस्पेस अडवते, आणि उबुंटू २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मर या सुरक्षा-यंत्रणेचेही बंधन आहे. 'नो-सँडबॉक्स' हा पर्याय लावणे सोपे, पण ब्राउझरची सर्वांत महत्त्वाची भिंत त्याने जाते. त्यापेक्षा सेककॉम्पचे धोरण तेवढ्या कॉलपुरते सैल करावे.

ग्राफिक्स कार्ड : अ‍ॅप चालते पण पंखा गरगरतो आणि खिडकी अडखळत सरकते, तेव्हा 'जीएलएक्सइन्फो' या आज्ञेत रेंडररचे नाव पाहावे. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असेल तर सगळे चित्र प्रोसेसर काढतो आहे. कारणे तीन असू शकतात : कार्डाचे 'डेव्ह/डीआरआय' फोल्डर आत दिलेले नसेल, दिले असून 'रेंडर' गटाचा क्रमांक आत वेगळा असेल, किंवा इमेजमधले (कंटेनर ज्यातून बनतो त्या साच्यातले) मेसा हे ग्राफिक्स सॉफ्टवेअर इतके जुने असेल की नवे कार्ड त्याला ओळखूच येत नाही. कर्नल बाहेरचा आणि मेसा इमेजमधले, हे विसरल्याने इथे बराच वेळ वाया जातो. एनव्हिडियाचे वेगळे : तिथे लायब्ररीची आवृत्ती बाहेरच्या कर्नल मॉड्यूलशी तंतोतंत जुळावी लागते. त्यांचे कंटेनर टूलकिट ती बाहेरून आत आणते, पण मुळात फक्त 'कॉम्प्यूट' आणि 'युटिलिटी' एवढ्यापुरतीच. 'ग्राफिक्स' आणि 'डिस्प्ले' या क्षमता मागून घ्याव्या लागतात.

देवनागरी आणि मराठी टायपिंग : मराठी वापरणाऱ्याला अ‍ॅप 'चालले' असे तेव्हाच म्हणता येते जेव्हा त्यात मराठी दिसते आणि लिहिता येते. किमान इमेजमध्ये फॉन्टच नसतात, म्हणून अक्षरांच्या जागी चौकोन येतात. एफसी-लिस्टला 'एमआर' ही भाषा देऊन आत काही सापडते का पाहावे. नसल्यास लोहित देवनागरी किंवा नोटो बसवावा, किंवा होस्टचे फॉन्ट-फोल्डर वाचण्यापुरते माउंट करावे. चौकोन नसून फाइलच्या नावात प्रश्नचिन्हे दिसत असतील तर दोष फॉन्टचा नाही, लोकेलचा (भाषा आणि अक्षरसंकेताच्या मांडणीचा) आहे. साध्या 'सी' लोकेलऐवजी 'सी-यूटीएफ-८' दिले की नावे सरळ दिसतात.

टायपिंगचा गुंता अधिक. आयबस (मराठीसारख्या भाषा टाइप करण्याची यंत्रणा) बाहेर नीट चालते, आतल्या अ‍ॅपमध्ये मात्र इंग्रजीच उमटते. आयबसचा क्लायंट होम फोल्डरातल्या ज्या फाइलमधून पत्ता वाचतो, तिच्या नावाची सुरुवात यंत्राच्या 'मशीन-आयडी'ने होते. कंटेनरची मशीन-आयडी वेगळी असली की तो भलत्याच नावाची फाइल शोधतो आणि गप्प बसतो, एररही देत नाही. होस्टची मशीन-आयडी वाचण्यापुरती माउंट करावी, पत्त्याची फाइल आणि तिच्यात लिहिलेले सॉकेट आत पोचते आहे ना ते पाहावे आणि जीटीके या खिडक्यांच्या लायब्ररीसाठीचे आयबस मॉड्यूल इमेजमध्ये बसवावे.

अ‍ॅपमधले घड्याळ साडेपाच तास मागे असेल तर ते यूटीसीवर चालले आहे. 'टीझेड' व्हेरिएबलमध्ये 'एशिया/कोलकाता' देऊनही ते हलत नसेल तर इमेजमध्ये टीझेडडेटा हे पॅकेज आहे का ते तपासावे.