बॉमोल, विल्यम जॅक

(२६ फेब्रुवारी १९२२ – ४ मे २०१७). अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधून १९४२ मध्ये पदवी घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात सेवा केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने त्यांना आधी केवळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश दिला होता. परंतु तेथील अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांच्या चर्चासत्रातील त्यांची चमक पाहून काही आठवड्यांतच त्यांना पीएच.डी.साठी घेण्यात आले व अध्यापनाचे कामही देण्यात आले. १९४९ पासून ते प्रिन्स्टन विद्यापीठात आणि पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातही प्राध्यापक होते.

वादन किंवा अध्यापन यांसारख्या सेवांमध्ये श्रमाची उत्पादकता फारशी वाढत नाही, तरीही वेतन मात्र इतर क्षेत्रांबरोबर वाढत राहते आणि त्यामुळे अशा सेवा सतत महागत जातात, हा अर्थशास्त्रज्ञ विल्यम बोवेन यांच्यासह १९६०च्या दशकात मांडलेला त्यांचा विचार सर्वाधिक परिचित आहे. उद्योजकतेवरील त्यांचे काम मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्याहून दूरगामी आहे.

उद्योगसंस्थेच्या प्रचलित सिद्धांतात किंमत व उत्पादन ठरविणारा व्यवस्थापक आहे, पण नवी गोष्ट घडविणारा उद्योजक त्यातून नाहीसा झाला आहे, अशी तक्रार त्यांनी १९६८ च्या एका निबंधात केली. १९९० मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त आलेल्या निबंधात ते पुढे गेले. उद्योजक वृत्तीची माणसे प्रत्येक समाजात असतातच. ती उत्पादक कामाकडे वळतात, केवळ दुसऱ्याच्या संपत्तीतला वाटा मिळविण्याकडे वळतात, की विध्वंसाकडे, हे त्या समाजातील संपत्ती, सत्ता व प्रतिष्ठा मिळण्याच्या नियमांवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुराव्यासाठी त्यांनी इतिहासाचा आधार घेतला. प्राचीन रोममध्ये जमीनदारी, सावकारी आणि राजकीय पदातून होणारी कमाई प्रतिष्ठितांना शोभणारी मानली जाई, तर व्यापार व कारागिरी बहुतांशी मुक्त झालेल्या गुलामांच्या वाट्याला येई. पाणचक्की ठाऊक असूनही तिचा वापर मर्यादितच राहिला. न फुटणारी काच घेऊन आलेल्या कारागिराला, सोन्याचे मोल उतरेल या भीतीने, सम्राट टायबेरियसने ठार करविले, ही जुनी आख्यायिकाही त्यांनी तिथे उद्धृत केली आहे. चीनमध्ये शासकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन अधिकारी होणे हाच उत्कर्षाचा राजमार्ग असल्याने बुद्धिमान माणसे तिकडे वळली. मध्ययुगीन युरोपात सरदारांचे लक्ष युद्धावर असताना सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठांतील भिक्षूंनी मात्र पाणचक्क्यांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला.

२००२ मधील ग्रंथात त्यांनी आधुनिक भांडवलशाहीकडे पाहिले. मोठ्या कंपन्या किमतीपेक्षा नवप्रवर्तनाच्या, म्हणजे नवी उत्पादने व पद्धती आणण्याच्या, बळावर स्पर्धा करतात व त्यासाठी संशोधन हा नित्याचा खर्च मानतात. मूलगामी कल्पना मात्र बहुधा स्वतंत्र उद्योजकांकडून येतात, आणि या दोहोंच्या परस्परपूरकतेतूनच वाढीचा वेग राखला जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९८१ मध्ये ते अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि उद्योजकता संशोधनाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना २००३ मध्ये मिळाला. उद्योजकतेच्या उत्पादक, अनुत्पादक व विध्वंसक अशा त्यांच्या वर्गीकरणाची खरी अडचण प्रत्यक्ष वापरात जाणवते: पेटंटसाठीचा खटला शोधकाच्या हक्काचे रक्षण करू शकतो किंवा प्रतिस्पर्ध्याची वाट अडवू शकतो, म्हणून एखादी कृती उत्पादक की अनुत्पादक हे तिच्या बाह्य स्वरूपावरून ठरविता येत नाही.