वासोट्याला एका दिवसात जायचंय? परवानगी कुठे मिळते, कागदं काय लागतात

थंडी पडली की सातारमधला निम्मा मित्रपरिवार मेसेज करतो, वासोट्याला जायचंय, परवानगीचं काय असतं रे? दरवेळी तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी परवानगी का लागते ते समजून घ्या, कारण बरेच जण वासोटा म्हणजे साताऱ्यातल्या अजिंक्यताऱ्यासारखा गावालगतचा किल्ला समजतात, गाडी काढली की गेलो. तसं नाही. वासोटा किल्ला जंगलात, कोयना अभयारण्यात येतो आणि 2010 पासून कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27 सांगतं की अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि कलम 28 मध्ये परवाना कशासाठी मिळतो ते दिलंय, पर्यटन, फोटोग्राफी, वन्यजीवांचा अभ्यास, संशोधन वगैरे. म्हणजे फिरायला जाणारा कुणीही पात्र आहे, फक्त आत जायच्या आधी कागद हातात पाहिजे. कॉलेजची पोरं वनस्पतींचे नमुने गोळा करायला जाणार असतील तर मात्र पर्यटक म्हणून पावती फाडून चालत नाही, त्याची परवानगी वेगळी आणि ती वरून, मुख्य वन्यजीव रक्षकांकडून घ्यावी लागते, त्याला वेळ जातो, तेव्हा खूप आधी अर्ज टाका.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. कासचं ऑनलाइन बुकिंग वेगळं, ते फुलांच्या पठारापुरतं आहे, वासोट्याला ते चालत नाही. आणि कासला फुलं असतात तेव्हा वासोटा बंदच असतो, पावसाळ्यात जूनपासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आत सोडत नाहीत. माझ्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात आणि चढाला जीव नको होतो.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. साताऱ्यावरून कासमार्गे बामणोली, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याकाठचं गाव जिथून वासोट्याची बोट सुटते, 35-40 किलोमीटर, एसटी आहे पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे स्वतःची गाडी असेल तर बरं. बामणोलीला वनविभागाकडे अर्ज भरायचा, त्यात ग्रुपमधल्या प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर, सोबत ओळखपत्र, आधार असलं की प्रश्न मिटतो. मग माणशी प्रवेश फी, कॅमेरा असेल तर त्याची वेगळी, गाइड घ्यायला सांगितलं तर त्याचे पैसे. फीचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, ते बदलत राहतात. पैसे रोख घेऊन जा, तिकडे रेंजचा भरवसा नाही आणि धरणापलीकडे तर फोन नुसता घड्याळ बघायला.

माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, यादी घरूनच करून न्या. एका कागदावर सगळ्यांची नावं, वय, पत्ते, आणि प्रत्येकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स त्याच क्रमाने टाचून. आम्ही बारा जण गेलो होतो तेव्हा कुणी काही आणलं नव्हतं, दोघांचे आधार फोनमध्ये आणि फोन उघडेना, एकाचं पाकीट गाडीतच, त्यात तास-सव्वा तास गेला, बोट सुटायला साडेदहा झाले आणि वासोट्याजवळचं नागेश्वर राहून गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण सोबत आलेले एक काका फक्त नागेश्वरच्या गुहेतल्या पिंडीचं दर्शन घ्यायला आले होते.

तास एवढा महत्त्वाचा का ते हिशोब केल्यावर कळेल. शिवसागर जलाशयातून, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यातून, बोटीने एक ते दीड तास, मग मेट इंदवलीला उतरून चौकीवर तपासणी, वर चढायला दोन-अडीच तास, वरती बिनछपराचं मारुतीचं देऊळ, महादेवाचं देऊळ, टाकं, वाड्याचे चौथरे आणि बाबूकडा बघायला किमान तास, परत उतरायचं, परत बोट, आणि अंधार पडायच्या आत बाहेर. आत मुक्काम करता येत नाही. तेव्हा सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला दारात उभं राहा, नायतर बाबूकड्यावर दहा मिनिटं टेकायला पण मिळत नाही, आणि तिथून खाली कोकण दिसतं ना, तिथं निवांत बसायलाच तर एवढा खटाटोप. बोटीचं भाडं बोटीवर असतं, माणशी नाही, दोघं-तिघं असाल तर काठावर दुसरा ग्रुप शोधा, पण अर्जातली नावं बोटीतल्या माणसांशी जुळली पाहिजेत, म्हणून अशा वेळी बोट ठरवून मगच घरून आणलेली यादी पक्की करा.

सामानाचं पण नियमात बसवा. कलम 30 प्रमाणे आग लावायची नाही, म्हणजे चूल, शेकोटी काही नाही, चपाती-भाजी घरून न्या. कलम 31 मध्ये शस्त्र न्यायला बंदी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे नुसती बंदूक नाही, सुरी, गळ, जाळं सगळं येतं, त्यामुळे कांदा कापून न्या आणि मासे पकडायचा विचार सोडा. ड्रोन घरीच ठेवा.

चांदोलीकडं, म्हणजे शिराळ्याच्या बाजूनं, जायचं असेल तरी ही कलमं राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहेत, कागदं हीच तयार ठेवा, परवानगी मात्र तिकडची वेगळी.

राहता राहिलं प्लास्टिक. चौकीवर बाटल्या, पुडे मोजून लिहून घेतात आणि अनामत ठेवावी लागते. म्हणून बिस्किटं, फरसाण घरीच डब्यात काढा, पाण्याला स्टीलची बाटली, म्हणजे मोजणी दोन मिनिटांत होते. उतरल्यावर आधी पिशवी दाखवून आकडा जुळवायचा, अनामत परत घ्यायची, आणि मग बोटवाल्याला हाक मारायची.