नशा सुटल्यानंतरचे पंधरा दिवस

दोन-तीन आठवडे हेरॉईनसारख्या नशेपासून लांब राहिलेला माणूस समुपदेशकासमोर येतो, तेव्हा त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्याच बैठकीत त्याला स्पष्ट सांगायला हवं, की आता पूर्वीइतकाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो.

हेरॉईन, मॉर्फिन, फेन्टानिल यांनी मेंदूच्या देठातलं श्वासाची लय राखणारं केंद्र मंदावतं. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं. खंड पडला की हा सराव लवकर ओसरतो, ओढ मात्र तशीच राहते. म्हणून तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यावरचे पहिले दोन आठवडे फार जोखमीचे. त्यातून फेन्टानिल मॉर्फिनच्या 50 ते 100 पट तीव्र, आणि पुडीत ते किती मिसळलंय हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

“परत घेणार नाही ना?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, आणि बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा विचारावं: शेवटचं कधी घेतलं? सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का? त्यांनीही श्वास मंदावतो. घेताना जवळ कोण असतं? बेशुद्ध माणूस नॅलोक्सोन, म्हणजे या नशेचा असर उतरवणारा फवारा, स्वतःच्या नाकात मारू शकत नाही, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा.

नॅलोक्सोन घरच्यांनाही शिकवावं. ओव्हरडोसमधली घरघर अनेकदा घोरणं समजली जाते आणि “झोपू दे त्याला” म्हणून दार लोटलं जातं. हाक मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही जाग आली नाही, श्वास अडखळतोय, ओठ निळसर दिसतायत, तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी. उताणं झोपवून मान मागे करावी, फवाऱ्याचं टोक नाकपुडीत घालून खटका पूर्ण दाबावा. आधी दाबून पाहू नये. त्यात एकच डोस असतो, तो हवेत जातो. श्वास बंद असेल तर दर 5 सेकंदांनी एक, असा तोंडाने श्वास द्यावा. 2-3 मिनिटांत फरक नसेल तर दुसरा फवारा. औषधाचा असर 30 ते 90 मिनिटांत उतरतो, नशा त्याहून जास्त टिकू शकते. शुद्धीवर आलेला माणूस तळमळतो, पुन्हा घ्यायला निघतो. त्याला एकटं सोडू नये.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही त्याच वर्गातली, ओढ आवरणारी औषधं चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. “एक नशा सोडून दुसरी” असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे शांतपणे सांगावं. ब्युप्रेनॉर्फिन मात्र घाईने सुरू करू नये. ते आधीच्या द्रव्याला मेंदूतल्या जागेवरून हुसकावतं, पण स्वतः अर्धवटच काम करतं. त्यामुळे हातपाय तुटणं, उलट्या, घाम एकदम उसळतात आणि घाबरलेला माणूस उपचारच सोडतो. हेरॉईननंतर निदान 12 तास जाऊन त्रासाची चिन्हं दिसू लागल्यावर पहिली गोळी. फेन्टानिलनंतर बहुधा आणखी थांबावं लागतं.

आणि बैठक चुकली म्हणून कुणाचं औषध कधीही बंद करू नये.